पहिले मत कोणाचे?

सज्जनहो, आईबापांच्या सेवेविषयी वारकऱ्यास निराळे काही सांगावे लागत नाही. आपल्या गजरात विठ्ठलाच्या आधी पुंडलिकाचे नाव येते, ते उगाच नव्हे. प्रत्यक्ष देव दारी येऊन उभा राहिला, तरी ज्याने आईबापांच्या पायांवरचा हात काढला नाही, वीट भिरकावून देवालाच थांबायला सांगितले, त्याच्यामुळे पंढरी झाली. ही गोष्ट आपल्या लेकरांनासुद्धा पाठ असते. परंतु गोष्ट पाठ असणे निराळे आणि ती अंगावर येणे निराळे. घरात बापाला मोठे दुखणे निघाले, डॉक्टरने मान हलवली आणि चार माणसे चार वाटा दाखवू लागली, म्हणजे यांतली सेवा कोणती आणि नुसती धावपळ कोणती, हे भल्याभल्यांस उमगत नाही.

गेल्या साली हा प्रसंग आमच्याच घरी आला. त्यातून जे थोडेबहुत शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. आमचे जे चुकले तेही झाकून ठेवत नाही; कारण ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना आमच्या शहाणपणापेक्षा आमची चूकच अधिक उपयोगी पडेल.

आमचे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. वडिलांना सारे गाव नाना म्हणत असे. वय ७५ ला टेकलेले, गळ्यात माळ, ४० वर्षे पायी वारी. पाऊसकाळ चुकला, मोसंबीची बाग वाळून गेली, घरात माणूस गेले; पण नानांची वारी चुकली नाही. व्यसन म्हणाल तर एकच, कमरेला तंबाखूची चंची. माळ घातल्यावर आपण मद्यमांस सोडतो, पण ही चंची मात्र दिंडीत आपल्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालते. तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध डॉक्टर किती वर्षे सांगत आहेत! हे आम्ही नानांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या कमरेला चंची असेल तर ती त्याने आजच सोडून ठेवावी, एवढ्यासाठी लिहितो.

माघी एकादशीच्या सुमारास नानांचा घास अडकू लागला. भाकरी खाली उतरेना. मग दुधात कुस्करून खाऊ लागले. फाल्गुनात तीही जाईना, ताकावर आले. जालन्याला नेले. दुर्बिणीने तपासणी झाली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, पुढे सी. टी. स्कॅन झाला. डॉक्टरांनी आम्हां भावांना बाहेर बोलावून सांगितले की, अन्ननलिकेचा कर्करोग आहे आणि त्याच्या गाठी यकृतात पोचल्या आहेत. दुखणे चौथ्या पायरीवर आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि पहिले वाक्य जे आमच्या तोंडून निघाले ते हे: "नानांना काही सांगू नका."

वाचकहो, चूक तिथूनच सुरू झाली. पण ते पुढे सांगू.

त्या रात्री ओसरीवर बैठक बसली. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, मोठ्या खासगी रुग्णालयात नेऊ, पैसा लागला तर वावर विकू. मेहुण्यांनी परराज्यातल्या कोणा वैद्याचे नाव काढले, त्याच्या काढ्याने म्हणे गाठी विरघळतात. शेजारच्या गावच्या एका गृहस्थांनी अंगाऱ्याची पुडी पाठवली. आणि आमच्याच फडावरचे एक वृद्ध बुवा, मोठे प्रेमळ माणूस, म्हणाले, "माऊली, देह नाशिवंत. प्रारब्ध कोणाला चुकलंय? कशाला म्हाताऱ्या जिवाला दवाखाने दाखवता? नामस्मरण करू द्या."

बुवांचा शब्द आम्हांला लागला, कारण तो आपल्याच घरातला शब्द होता. म्हणून आधी त्याचाच विचार करू.

देह नाशिवंत आहे हे खरे. परंतु बैलाला फऱ्या झाला तर आपण प्रारब्ध म्हणून स्वस्थ बसत नाही, जनावरांच्या डॉक्टरकडे धावतो. विहीर आटली तर दोन परस आणखी खोदतो. स्वतःला ताप आला तर गोळी घेतो. मग बापाच्याच दुखण्याच्या वेळी तेवढे प्रारब्ध आठवावे, हा वेदान्त नव्हे. ही वेदान्ताच्या नावाखाली केलेली काटकसर झाली. संतांनी देह नाशिवंत म्हटला तसाच नरदेह दुर्लभही म्हटला. दोन्ही वचने एकाच तोंडची आहेत. पाने तोडताना पाल्याची पर्वा करू नये, पण तुळस मात्र जपावी, तसे हे आहे. प्रारब्ध काय आहे ते प्रयत्न करून झाल्यावरच कळते, आधी कळत नाही. म्हणून उपचार शोधणे, आणि एका डॉक्टरच्या बोलण्यावर शंका असेल तर दुसऱ्याला विचारणे, यात श्रद्धेला काही कमीपणा येत नाही.

दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरचा अपमान, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. आम्हांलाही जालन्याच्या डॉक्टरांकडे कागद मागताना संकोच वाटला. पण त्यांनीच सांगितले की, अवश्य जा, आणि नुसते कागद नेऊ नका. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेला असतो, तो ब्लॉक आणि त्याच्या काचाही घेऊन जा. ही गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. कर्करोगाचे सारे निदान त्या काचेवर उभे असते. दुसऱ्या ठिकाणचे तज्ज्ञ तीच काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहतात. निदान तेच आहे का, दुखणे खरेच इतके पसरले आहे का, आणि उपचाराचा हेतू काय ठेवावा, या तीन गोष्टींत दुसरे मत उपयोगी पडते. कधी कधी तिन्ही बदलतात, कधी एकही बदलत नाही. एकही बदलले नाही तर ते मत फुकट गेले असे समजू नये. मनातला "पण कदाचित" गेला, हीच त्याची कमाई.

काढा आणि अंगारा यांविषयी दोनच शब्द. ज्या औषधात काय आहे हे देणारा सांगत नाही, जो जुने उपचार बंद करा म्हणतो, आणि जो पैसे आधी मागून बरे होण्याची हमी देतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. कीर्तनात उभे राहून नवसाच्या आणि बकऱ्याच्या नावाने लोकांना हसवता हसवता रडवणारे गाडगे महाराज आपल्याला वंद्य आहेत ना? मग त्यांचे एवढे तरी ऐकावे.

आम्ही चैत्रात नानांना घेऊन मुंबईस निघालो. जालना ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटरांच्या वर. देवगिरी एक्सप्रेस रात्रभर चालते. नानांना खालचा बाक दिला. ते रात्रभर बसूनच होते, कारण आडवे झाले की घशाशी येई. आम्ही म्हणालो, "नाना, मुंबईला मोठे डॉक्टर आहेत. गिळायचं जरा बघतील." ते म्हणाले, "बरं." एवढेच.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने ते उभारले, १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. साऱ्या देशातले लोक तिथे येतात. त्या रस्त्यावर आम्ही आसामी बोली ऐकली, बंगाली ऐकली, आणि पदपथावर चादर टाकून बसलेली आपल्या मराठवाड्याची माणसेही पाहिली. आषाढीला वाळवंटात जशी गर्दी तशीच ही. फरक इतकाच की इथे प्रत्येकाच्या हातात टाळाऐवजी कागदांची पिशवी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे या रोग्यांची आणि त्यांच्या माणसांची राहण्याची सोय होते. महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या, त्या वारकऱ्यांसाठी. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा देह पडला. आता त्यांचे नाव या दुसऱ्या वारीच्या वाटेवरही उभे आहे, हे पाहून नानांनी भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले.

मुंबईचे मत जालन्यासारखेच पडले. दुखणे तेच, पायरी तीच. बरे करणे आता होणार नाही. त्रास कमी करणे होईल. मार्ग तीन होते. अन्ननलिकेत जाळीची नळी बसवून वाट मोकळी करणे. किरणांचा थोड्या दिवसांचा शेक देऊन गाठ लहान करणे. किंवा केमोची सुई देऊन काही महिने वाढतात का पाहणे. प्रत्येकाचा लाभ आणि त्रास निरनिराळा. आम्ही भाऊ लगेच आपसांत बोलू लागलो. एक म्हणे केमो, एक म्हणे नळी. तेव्हा तो तरुण डॉक्टर आमच्याकडे पाहीना, तो नानांकडे वळला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला काय हवंय?"

आम्ही गप्प झालो. फाल्गुनापासून आम्ही किती जणांना विचारले होते! डॉक्टरांना, नातेवाइकांना, पुण्याच्या ओळखीच्या माणसांना, बुवांना. फक्त एका माणसाला विचारायचे राहिले होते, आणि त्यालाच आम्ही हाताला धरून सगळीकडे नेत होतो.

नाना म्हणाले, "मला काय झालंय ते मला कळलंय, डाक्टरसाहेब. ही पोरं मला सांगंनात, म्हणून मी बी यांना सांगितलं नाही. यांचा जीव घाबरा हुईल." मग थोडे थांबून म्हणाले, "मला पाणी गिळता यावं. तुळशीचं पान गिळता यावं. अन् मुक्ताबाईची पालखी यायच्या आत मला गावी जाऊ द्या."

वाचकहो, आम्ही त्यांना दुःखापासून वाचवत होतो अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ते आम्हांला वाचवत होते. दोन महिने एकाच घरात बाप आणि लेक एकमेकांपासून तीच गोष्ट लपवून बसले, आणि जे बोलायला हवे होते ते बोलण्याचे दोन महिने गेले. हीच आमची चूक.

आता कोणी म्हणेल, झाले, नानांनी सांगितले, प्रश्न मिटला. पण तो इतक्या सहज मिटत नाही, आणि हीच या विषयातली खरी गाठ आहे. त्याच रात्री धर्मशाळेत नाना हळूच म्हणाले, "वावर विकू नका." हे ऐकले आणि आमच्या मनात आले, दुपारचे बोलणे कुणाचे? नानांचे, की वावराचे? आपल्याकडची म्हातारी माणसे "मला काही नको" असे फार लवकर म्हणतात. त्या शब्दांत कधी खरेच समाधान असते, आणि कधी लेकराच्या खिशाची काळजी असते. वैराग्य आणि संकोच दोघांची भाषा सारखीच. ऐकणाऱ्याने यांतले कोणते हे ओळखल्यावाचून "त्यांचीच इच्छा होती" असे म्हणून मोकळे होऊ नये. तसे मोकळे होणे फार सोपे आहे, आणि म्हणूनच ते पाप आहे.

मग आम्ही काय केले? आधी पैशाचा प्रश्न बाजूला काढला. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, कर्करोगाचे उपचारही त्यांत येतात. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आमच्या जालन्याहून ते साठेक किलोमीटरांवर. तिथेही शेक मिळतो. याशिवाय २०१२ सालीच टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या कर्करोग रुग्णालयांची एक साखळी बांधली गेली; आज तिच्यात ३०० हून अधिक संस्था आहेत आणि उपचारांची पद्धत शक्य तितकी सारखी ठेवावी असा तिचा हेतू आहे. म्हणजे मत मुंबईचे घ्यावे आणि उपचार घराजवळ घ्यावेत, असे पुष्कळ वेळा करता येते. आम्हांला हे आधी ठाऊक असते तर ओसरीवरच्या बैठकीत वावराचा विषयच निघाला नसता.

हे सारे जुळल्यावर आम्ही नानांजवळ एकटे बसलो. म्हणालो, "नाना, पैशाचं मिटलं. वावर जागच्या जागी हाय. आता पैसा सोडून सांगा, काय करायचं?" नानांनी लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेक घेतो. सुई नको. सुईनं दोन महिने वाढले अन् ते दवाखान्यातच गेले, तर वाढले काय अन् नाही काय." पैशाची गोष्ट काढून घेतल्यावरही शब्द तोच राहिला, तेव्हा आम्ही समजलो की हा शब्द नानांचाच आहे.

यावरून केमो घेऊ नये असा अर्थ कोणी काढू नये. त्याच धर्मशाळेत परभणीकडच्या एक बाई होत्या, दुखणे नानांसारखेच पुढे गेलेले. त्यांनी सुई घेतली. लेकीचे लग्न ठरले होते आणि तेवढे दिवस त्यांना हवे होते. त्यांचा निर्णयही तितकाच योग्य. नानांना पालखी हवी होती, त्यांना मांडव हवा होता. डॉक्टर मार्ग सांगतो, कोणत्या मार्गाने किती त्रास आणि किती लाभ हे सांगतो. पण उरलेले दिवस कशासाठी हवेत, हे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. ते फक्त त्या माणसाला विचारूनच कळते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनारला देह ठेवला. त्याआधी त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणे थांबवले होते. तसे करावे असे आम्ही कोणास सांगत नाही, तो अधिकार आमचा नव्हे. इतकेच म्हणतो की, तो निर्णय विनोबांचा होता, त्यांच्या भोवतालच्यांचा नव्हता. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मानले की, शेवटच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे माणसाला आधी लिहून ठेवता येते. देह देवाचा खरा. पण त्याच्या वेदना ज्याला सोसायच्या आहेत, त्याचा शब्द त्याविषयी पहिला असावा, हा साधा न्याय आहे.

बरे होणार नाही असे ठरले म्हणजे उपचार संपले, हीही एक भ्रांत आहे. दुखण्याच्या पुढच्या अवस्थेत वेदना, उलटी, झोप, घाबरा जीव यांची काळजी घेणे हे वैद्यकातले एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली अशा रोग्यांसाठी सेवागृह उघडले. आपल्या मुंबईला वांद्र्यास डॉ. डिसोझा यांनी १९८६ साली शांति आवेदना सदन सुरू केले. भारतातले ते अशा प्रकारचे पहिले. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध कसे वाढवावे हे ठरवून दिले. शेवटच्या पायरीवर मॉर्फीन आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. डॉक्टरच्या हाताखाली, ठरल्या वेळी, ठरल्या प्रमाणात घेतले तर त्याला भिण्याचे कारण नाही. बापाला कण्हू देणे म्हणजे तप नव्हे. ज्याच्या जिवाला क्षणभर स्वस्थता नाही, त्याच्या मुखात नाम तरी कसे राहावे?

वैशाखात संभाजीनगरला शेक झाला. आम्ही भाऊ पाळीपाळीने गेलो. शेक संपल्यावर दहाबारा दिवसांनी नानांनी वाटीभर पेज घेतली आणि ती खाली उतरली. आमच्या मायने तुळशीचे पान धुऊन त्यांच्या जिभेवर ठेवले. नाना डोळे मिटून बसले. दोन औषधांनी झाले नाही इतके समाधान त्या एका पानाने घरात आले.

ज्येष्ठात मुक्ताबाईची पालखी जालन्याहून बीडकडे निघाली. आम्ही नानांना गाडीत घालून रस्त्याच्या कडेला नेले, बाजेवर बसवले. दिंड्या येत होत्या. जुने सोबती थांबत, पायांवर डोके ठेवत, "चला नाना" म्हणत. नाना म्हणत, "तुम्ही व्हा पुढं." पालखी आली, तीर्थ मिळाले, ते त्यांनी गिळले. ते तीर्थ घशाखाली उतरताना आम्ही डोळ्यांनी पाहिले, आणि त्याहून मोठा उपचार आम्हांस आजवर माहीत नाही.

श्रावणात, पहाटेच्या काकड्याच्या सुमारास, घरीच नाना गेले. वेदना आटोक्यात होत्या. माय उशाशी होती. शेवटच्या महिन्यात ते आमच्याशी इतके बोलले की, मागच्या ३० वर्षांत तितके बोलले नव्हते. कोणते शेत कोणाकडून घेतले, कोणाचे किती देणे, विणा कोणाला द्यावी, आणि मायला एकटे ठेवू नका, हे सारे नीट सांगून गेले.

पुण्याचा भाऊ अजूनही कधी कधी विचारतो, "दादा, सुई दिली असती तर दिवाळी पाहिली असती का?" आम्ही त्याला खोटे सांगत नाही. कदाचित पाहिली असती. हा "कदाचित" आमच्या घरात राहणारच. तो घालवण्यासाठी तिसरे, चौथे, पाचवे मत घेत हिंडलो असतो, तरी तो गेला नसता. फक्त ते दिवस गाडीत आणि रांगेत गेले असते.

शेवटी पुंडलिकाकडेच वळू. कथा सांगतात की, पुंडलिक आधी आईबापांना छळीत असे. काशीयात्रेला निघाला तेव्हा तेही बरोबर होते. ते थकून पायी चालत होते आणि त्यांच्याकडे त्याचे लक्ष नव्हते. पुढे कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. आजवर आम्ही ही कथा ऐकली ती पश्चात्तापाची म्हणून. आता तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आईबाप काशीच्या वाटेवरही पुंडलिकाबरोबर होते आणि नंतरही होते. बरोबर असणे म्हणजे सेवा नव्हे. मोठ्या तीर्थाला नेणे म्हणजेही सेवा नव्हे. त्यांच्याकडे वळून पाहिले तेव्हा सेवा सुरू झाली. परळची वारी ही काशीयात्रेसारखी होऊ शकते आणि पुंडलिकाच्या सेवेसारखीही होऊ शकते. गाडी तीच, रुग्णालय तेच, कागद तेच. बापाला विचारून नेले की न विचारता ओढत नेले, एवढाच काय तो भेद.

म्हणून वाचकांस हात जोडून विनंती आहे. घरात असे दुखणे निघाले तर दुसरे मत अवश्य घ्या. कागद, काचा, ब्लॉक घेऊन जाणत्या ठिकाणी जा. बरे होईल की त्रास कमी होईल, काही केले नाही तर काय होईल, किती दिवस रुग्णालयात जातील, घराजवळ करता येईल का, हे डॉक्टरांस न भिता विचारा. दोन जाणती मते जुळली की धावणे थांबवा. पण या सगळ्याच्या आधी, पहिल्याच संध्याकाळी, आईच्या किंवा बापाच्या उशाशी बसा आणि त्यांना काय हवे ते विचारा. एकदा विचारून भागणार नाही; पैशाची चिंता काढून पुन्हा विचारा. ते रडतील, तुम्हीही रडाल. त्याने काही बिघडत नाही.

आणि तेवढा वेळ आशा, भीती, नातेवाईक, जगाचे बोलणे दाराशी येऊन उभे राहिले, तर त्यांना एक वीट द्या आणि म्हणा, जरा थांबा, आम्ही बापाजवळ बसलो आहोत.

रामकृष्णहरि.